दंडारीलाही टपालाचा मान मिळावा

जागतिक आदिवासी दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला, आदिवासी संस्कृतीवरील टपाल तिकिटांचा लेख वाचला. अशी तिकिटे मुलांनी जमवावीत हे पटले. पण लेखातला महाराष्ट्र वारली चित्रांपाशीच थांबतो, मराठवाड्याचा, तिथल्या दंडारी या आदिवासी नृत्योत्सवाचा तर उल्लेखही नाही.

टपाल खात्याने १९८१ मध्ये भिल्ल, तोडा, दंडामी माडिया आणि खियामनगन नागा या जमातींवर एकेक रुपयाची चार तिकिटे काढली. १९८८ मध्ये बिरसा मुंडांचे तिकीट आले. ती अवश्य जमवावीत. मात्र नांदेडच्या मुलाला तोडा जमात तिकिटावरून कळावी आणि आपल्याच जिल्ह्यातल्या किनवट-माहूरचे गोंड, कोलाम, प्रधान, आंध ठाऊक नसावेत, हे विचित्र आहे. कोलाम तर केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहेत. दिवाळीत तिकडे दंडारी निघते, मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी गावोगाव नाचतात. हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

देशभरासाठी तिकीट निघायला वेळ लागतो. विशेष आवरण, म्हणजे एखाद्या विषयावर खास छापलेले पाकीट, आणि त्यावरचा विशेष शिक्का मात्र राज्याचे टपाल परिमंडळही काढू शकते. मराठवाड्यातील संग्राहकांनी आणि शिक्षकांनी दंडारीसाठी तसा प्रस्ताव द्यावा. आवरणावरचा मजकूर आधी त्या गावांतल्या जाणत्यांना दाखवावा. ‘आदिवासी नृत्य’ एवढेच छापून मोकळे होऊ नये.

– एक तिकीट संग्राहक, नांदेड