गिटार विकू नको, आधी तिची कॉइल बघू

औसा,
रविवार रात्र

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बँडमधली पोरं म्हणतात ही टेलिकास्टर गिटार मेटलला, म्हणजे तुमच्या त्या दणदणीत रॉकला, चालत नाही, ही अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातल्या गाण्यांची गिटार, विकून टाक आणि जाड आवाजाच्या पिकअपवाली घे. आणि तू विचारतेस, पप्पा, वरचे पंधरा हजार बघता का. पैशाचं शेवटी बोलू. आधी एवढं ऐक की दिवाळीला मी ती खोलून बघेपर्यंत तिचा फोटोसुद्धा कुठं विकायला टाकायचा नाही.

पप्पांना मेटलमधलं काय कळतं, असं तुझ्या मनात येणारच. मला तांब्याची तार कळते, तेवढं इथं पुरतं. शाळेतून आल्यावर काउंटरवर बसून तू पंख्याच्या कॉइलचे वेढे मोजायचीस. गिटारचा पिकअप म्हणजे तेच काम, फार बारीक केलेलं. पंख्याला आपण 34-36 गेजची तार वापरतो. पिकअपला अमेरिकन मापाची 42 नंबरची लागते, म्हणजे मिलिमीटरचा सोळावा हिस्सा, डोक्याच्या केसाएवढी. तिचे सात-आठ हजार वेढे एका बॉबिनवर, मधे चुंबकाच्या सहा खुंट्या. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये करंट येतो. मोटरीला आपण करंट देतो आणि ती फिरते, इथं उलटा कारभार.

तुझ्या गिटारचा मूळ नमुना ज्यानं काढला, त्या लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे कळल्यापासून मला तो माणूस आपल्या भाऊबंदांतला वाटतो. 1950 मध्ये बाजारात आली तेव्हा तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तसंच निघालं, तक्रार आली, आणि 1951 मध्ये ती टेलिकास्टर झाली. तिची बनावट बघ, सगळी दुरुस्तीवाल्याच्या डोक्यातली आहे. सपाट लाकडी फळी, दांडा चार स्क्रूंनी कसलेला. काही बिघडलं की स्क्रू काढायचे आणि नवं बसवायचं. अशी वस्तू कुणी विकतं का?

आता ती एवढी टणटणीत का वाजते ते सांगतो. ब्रिजजवळ, म्हणजे फळीवर तारा जिथं टेकतात तिथं, तार फार झोल खात नाही, तिथं वरच्या बारीक सुरांचं प्रमाण जास्त असतं. पिकअप नेमका तिथं, तिरका बसवलेला. कॉइल एकच आणि अरुंद, आणि ती बसवलीय लोखंडी पत्र्यात. कंट्री म्हणतात ती खेड्यापाड्यातली गाणी गाणाऱ्यांना तो आवाज इतका आवडला की 1960 च्या दशकात बेकर्सफील्डचा बक ओवेन्स आणि त्याचा साथीदार डॉन रिच यांनी त्याचं नावच करून टाकलं. तेव्हापासून गिटारीवर शिक्का बसला तो बसलाच.

पण शिक्का मारणाऱ्यांना विचार, लेड झेपेलिन या रॉक बँडचा 1969 चा पहिला अल्बम जिमी पेजनं कशावर वाजवला? बहुतेक सगळा टेलिकास्टरवर. आणि तुम्ही पोरं ज्याला मेटलचा बाप म्हणता तो बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला. पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला म्हण. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि पुन्हा वाजवायला बसला. हे तुला माहीत असेल. त्याच्या त्या सुरुवातीच्या गिब्सन कंपनीच्या एसजी गिटारीवर पी-90 नावाचे पिकअप होते, हे बहुतेक माहीत नसेल. पी-90 म्हणजे सिंगल कॉइलच. तुझ्या पिकअपपेक्षा रुंद आणि भरदार, हे मान्य, पण कॉइल एकच. 1970 मध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम ऐकून लोक दचकले, तो आवाज बराचसा त्यातून आलेला आहे. तुमच्यातला जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला हे सांग आणि तोंड बघ.

असं असलं तरी पोरांचं निम्मं बरोबर आहे. तू पाठवलेली प्रॅक्टिसची क्लिप मी दुकान बंद केल्यावर हेडफोन लावून ऐकली. तू तारांवरचा हात उचललास की घूंऽऽ सुरू होतं. आणि मधे एका जागी, बहुतेक तू अॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, तोंड करून वळलीस तिथं, कान फाडणारी शिट्टी. तुझी आई आतून म्हणाली, "अगं बाई, काय करलाली ही पोरगी!" ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

घूं हा मेनचा, 50 सायकलचा. एकटी कॉइल अँटेनासारखी वागते. ट्यूबचा चोक, मोबाइलचा अॅडॉप्टर, भिंतीतली वायर, जे दिसेल ते ओढून घेते. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला की, बारीक आवाज मोठ्याच्या पंक्तीला येऊन बसतो, म्हणून कंट्रीवाल्यांना जे जाणवत नाही ते तुला छळतं. यावर गिब्सनमधल्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये पेटंटचा अर्ज केला. शेजारी शेजारी दोन कॉइल, एक सुलटी भरलेली, एक उलटी, चुंबकही उलटे. तारांचा आवाज दोन्हींत मिळून येतो, मेनचा आवाज एकमेकांना कापतो. 1957 पासून ते हंबकर गिटारींवर बसायला लागले. इतकं साधं आणि इतकं चोख काम बघितलं की मला आजही जेवण सुचत नाही.

तू उद्याच एक करून बघ. स्विच मधल्या घरात टाक, म्हणजे दोन्ही पिकअप एकदम चालू होतील. बऱ्याच नव्या गिटारींत दुसरी कॉइल उलटी भरलेली असते. घूं गेलं तर तुझीही तशीच आहे, मग गाणं थांबतं त्या जागी स्विच मधे टाकायची सवय लाव. आणि गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, जरा कमी कर. क्लिपमध्ये तो इतका चढवलाय की तुझ्या बोटांचं काम त्यात बुडालंय.

शिट्टीचं कारण वेगळं. कॉइलचे वेढे सैल असले की मोठ्या आवाजात वेढेच थरथरतात, खालचा पत्राही थरथरतो, आणि अॅम्प तेच पुन्हा मोठं करून सोडतो. मोटर भरल्यावर आपण वार्निश कशासाठी पाजतो? वेढे जागचे हलू नयेत म्हणूनच ना. पिकअपला वार्निशऐवजी मेण पाजतात. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण घालायचं, पाण्याच्या पातेल्यात मेणाचा डबा ठेवायचा आणि 60-65 अंशांवर धरायचं. त्यात कॉइल बुडवली की आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की काम झालं. हे मी करणार. तू हॉस्टेलवर शेगडी लावून बसू नको, मेण पेट घेतं, आणि ती तार नुसत्या नखानं तुटते. तुटली तर सात हजार वेढे पुन्हा मोजायला बसशील माझ्याशेजारी.

आतल्या खळग्याला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडू. त्यानं चरचर कमी होईल, मेनचं घूं पूर्ण जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता माझा खरा मुद्दा. तुमच्या बँडमधल्या दुसऱ्या पोराकडे हंबकरची गिटार आहे. बेस आहे. ड्रमवाला दोन्ही पायांनी धडधडतो. तिथं तूही तसलाच जाड आवाज आणलास तर तुझं वाजवणं कुणाला ऐकू येणार? मामाच्या लग्नात गोंधळ घातला होता, आठव. संबळ असा कडाडत होता की मंडपातलं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी तुणतुण्याची एक तार शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती. ती जाड असती तर संबळात विरघळली असती. क्लिपमध्ये तू तळहातानं तारा दाबून जो तुकडा वाजवतेस, त्यात प्रत्येक ठोका सुटा कळतो. त्या पोराचा नुसता गठ्ठा येतो. बापाची माया म्हणून म्हणत नाही, हेडफोन लावून तूच ऐक.

स्लिपनॉट या मेटल बँडच्या जिम रूटच्या नावानं फेंडरनं 2007 मध्ये टेलिकास्टर काढली, तू तिचा फोटो पाठवला होतास. तिचं आतडंच बदललेलं आहे. महोगनीचं लाकूड, बॅटरीवर चालणारे ईएमजी हंबकर, आणि एकच बटण, आवाजाचं. टोनचं बटणसुद्धा ठेवलेलं नाही. मेटलसाठी चोख गिटार आहे, पण तिच्यातून तुझ्या गिटारचा टणका निघायचा नाही. मेण आणि पट्टी करूनही तुमचं भागलं नाही, तर पुढची पायरी म्हणून सिंगल कॉइलच्याच मापाचा रेल हंबकर मिळतो, अरुंद दोन कॉइल आणि वर पोलादी पात्या. लाकूड न कापता त्याच भोकात बसतो. त्याबरोबर आवाज-टोनच्या बटणांखालचे 250 किलोओहमचे पॉट काढून 500 चे टाकावे लागतील, नाहीतर आवाज दबेल. जुना पिकअप डबीत जपून ठेवायचा.

तारांचा सूर खाली उतरवून वाजवता त्याबद्दल पोरांनी नावं ठेवली असतील तर ती चुकीची आहेत. टेलिकास्टरची तार साडेपंचवीस इंच लांब, गिब्सनची साधारण पावणेपंचवीस. लांब तार खालच्या सुरातही ताठ राहते. तू मात्र 9 चा, म्हणजे बारीक तारांचा, सेट लावून तारा उतरवतेस, त्या लोंबणारच. ड्रॉप सी करायचं, म्हणजे सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवायची, तर 11 ते 56 चा जाड सेट घे. जाड तारांनी दांड्यावर ताण वेगळा पडेल, तो मी बघतो. तुझ्या ब्रिजवर दोन-दोन तारांना मिळून एक सॅडल, म्हणजे तार टेकायचा आधार, आहे, त्यामुळे सूर जुळवताना थोडं इकडचं तिकडं करावं लागतं. त्याला वेळ लागेल, घाई करायची नाही.

अर्थिंगचं हसण्यावारी नेऊ नकोस. प्रॅक्टिसच्या खोलीतला बोर्ड टेस्टरनं तपासून घे. अॅम्पच्या प्लगची जाड पिन कुणी काढली असेल किंवा दोन पिनचा सॉकेट लावला असेल, तर त्या अॅम्पला हात लावायचा नाही. अॅम्पमध्ये गळती असली तर पोलादी तारांमधून ती थेट तुझ्या बोटांत येईल. माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात का, तेही गाणाऱ्याला विचार. येत असतील तर त्याच दिवशी मला फोन कर.

दिवाळीला येताना एसटीच्या डिकीत गिटार टाकू नको, सीटजवळ धर. सोबत मिळालेली बारीक अॅलन चावी आण, इथं त्या मापाची मिळत नाही. नवा सेट पुण्यातूनच घेऊन ये, त्याचे पैसे उद्या टाकतो. रेल हंबकर लागलाच तर तोही माझ्याकडून. पंधरा हजाराचं त्यानंतर बोलू.

तुझे,
पप्पा