घर बघताना काय बघायचं

सातारा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एजंटने पाठवलेला ‘पुण्यातले सुरक्षित भाग’ हा तक्ता बाबांनी दोनदा वाचला. मीही वाचला. त्यात गुन्ह्याचा आकडा एकही नाही. जिथे भाडं जास्त, तो भाग हिरवा. एवढ्यासाठी तक्ता कशाला हवा?

खरा आकडा असता तरी मी त्यावर घर ठरवलं नसतं. पोलीस ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आकडा कुठे जन्मतो ते माहीत आहे. बसमध्ये मोबाइल मारला गेलेला माणूस येतो. त्याला विचारतात, ‘चोरीला गेला की पडला? कोणाला घेताना पाहिलंत? नक्की?’ तिसऱ्या प्रश्नाला तोच म्हणतो, ‘पडला असेल साहेब.’ झालं. ‘गहाळ’ म्हणून दाखला मिळतो, त्याचं सिमकार्डाचं काम होतं आणि हद्दीतली चोरी एकाने वाढत नाही. वर्षाअखेरीला ती हद्द शांत दिसते.

म्हणून शहरांच्या क्रमवारीचं मला फारसं कौतुक नाही. देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या २०२२च्या अहवालात लाख लोकांमागे दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असे) गुन्हे कोलकात्यात ८६.५ आणि पुण्यात २८०.७. १९ महानगरांत पुणं दुसऱ्या नंबरचं सुरक्षित, अशा बातम्या झळकल्या. अहवाल बाहेर आला डिसेंबर २०२३मध्ये, आणि ते अख्खं वर्ष पुण्याचे पेपर कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांनी भरलेले होते. गंमत म्हणजे हा दर काढताना पुण्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेची धरतात, साडेपन्नास लाख. तू, तुझ्या मैत्रिणी, हिंजवडीत नंतर आलेले सगळे त्यात धरलेलेच नाहीत. छेद जुना आणि अंश नोंदणाऱ्याच्या मर्जीवर. दिल्लीत २०१५पासून वाहनचोरीची तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. तिथला वाहनचोरीचा आकडा मोठा दिसतो, त्यात या सोयीचाही वाटा आहेच.

तेव्हा तुझ्यावर वेळ आली तर ‘गहाळ’ लिहून घेऊ नकोस. चोरी असेल तर चोरीच म्हण. दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलंय. १ जुलै २०२४पासूनच्या नव्या कायद्यात तर हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. ई-तक्रार केलीस तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची.

आता घर. एजंट दाखवतो रविवारी सकाळी अकराला. तू बुधवारी रात्री दहाला जा. कंपनीची बस सोडते तिथून गेटपर्यंत चालत. रस्त्यावरचे दिवे बघ, पण त्याहून जास्त बघ ते उघडं काय आहे. मेडिकल, इस्त्रीवाला, अंडाभुर्जीची गाडी. भुर्जीची गाडी म्हटलं की बाबांना टोळकं दिसतं. मला ती गस्तीपेक्षा भरवशाची वाटते. गस्तीची गाडी दोन मिनिटांत पुढे जाते. भुर्जीवाला साडेअकरापर्यंत तिथेच असतो, आणि रोजचं गिऱ्हाईक कोण, नवखं कोण, हे त्याला बरोबर कळतं.

मागे वस्ती आहे एवढ्यावरून फ्लॅट नाकारू नकोस. वस्तीत रात्री उशिरापर्यंत बायका ओट्यावर बसलेल्या असतात, हाक मारली तर चार जणी उठतात. मला धास्ती वाटते ती दोन बड्या सोसायट्यांमधल्या रस्त्याची. दोन्हीकडे दहा फुटी कंपाउंड आणि रस्त्याकडे एक खिडकी नाही. सोनसाखळीवाले दुचाकी घेऊन अशाच रस्त्यावर थांबतात, सकाळी फिरायला निघालेल्या बायकांसाठी.

सोसायटीत कॅमेरे आहेत का, असं विचारू नकोस. सगळे ‘हो’च म्हणतात. ‘परवाचं फुटेज दाखवा’ म्हण, मग कळेल.

घरफोडी रात्रीच होते असा तुझ्या आजीचा समज आहे. आमच्या रजिस्टरला ‘दिवसा घरफोडी’ असा वेगळा रकाना असतो तो उगाच नाही. दुपारी नोकरदारांची घरं बंद. दोघं लिफ्टने वर जातात, बेल वाजवतात. कुणी दार उघडलं तर भलतंच नाव विचारून खाली येतात, नाही उघडलं तर कटावणीने कोयंडा उचकटतात. पंचनाम्यांत मी बघायची, ड्रॉवर खालून वर उघडलेले असायचे. वरून सुरुवात केली तर प्रत्येक बंद करत खाली यावं लागतं, तेवढाही वेळ ते घालवत नाहीत. दाराबाहेर दुधाच्या पिशव्या आणि पेपर साठू देऊ नकोस, आणि गावाला येताना स्टेटस टाकू नकोस. तिकडे परत पोचलीस की टाक.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. नोंदलेल्या बलात्कारांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. अंधाऱ्या गल्लीची भीती सगळेच घालतात, किल्ली कुणाकुणाकडे आहे हे कुणी विचारत नाही. मालकाकडे एक, एजंटाकडे एक, आधीच्या भाडेकरूने काढलेली आणखी एक असू शकते. सामान लावायच्या आधी कुलूप बदल. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे. आतून कडी नीट बसते का, दाराला बाहेर कोण आहे ते बघायचं भोक आहे का, ते बघ. काही वाटलं तर ११२ लाव, ‘उगाच त्रास कशाला’ असं मनात आणू नकोस. त्यासाठीच लोक पगार घेतात, मी पण घेतला.

भाडेकरूची माहिती पोलिसांत देणं मालकाचं काम आहे. ‘ते राहू दे हो’ म्हणणारा मालक भेटला तर नमस्कार करून उठ.

टोकनचे पैसे द्यायच्या आधी कराराचा मसुदा आणि इंडेक्स टूचा (फ्लॅटच्या खरेदीची नोंदणी दाखवणाऱ्या सरकारी कागदाचा) फोटो मला पाठव. दोन्हीवर मालकाचं नाव एकच आहे का ते मी बघते.

तुझी,
आई