मंद नेट आणि ‘गाव@१२३’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने दोन तक्रारी मांडल्या. रोजचा डेटा संपला की नेट रांगायला लागते, म्हणजे कंपन्या ‘नेट न्यूट्रॅलिटी’ (नेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक) मोडतात, ही एक. लोक दर महिन्याला पासवर्ड बदलत नाहीत म्हणून फसतात, ही दुसरी. मी अमळनेर तालुक्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे केंद्र चालवतो. (विप्रोचा जन्म १९४५ साली अमळनेरातलाच, पण वनस्पती तुपाच्या धंद्यातून, तेव्हा गावाच्या पुण्याईवर मी तज्ज्ञ ठरत नाही.) पण या दोन्ही समजुती माझ्या काउंटरवर रोज ऐकू येतात.

पहिलीचे थोडक्यात सांगतो. टोलनाका ट्रकला जास्त आणि जीपला कमी पैसे लावतो, ते आपण मुकाट भरतो. पण नाक्यावरच्या माणसाने ताडपत्री उचलून ‘केळी असतील तर जा, कापूस असेल तर थांब’ म्हटले तर? नेट न्यूट्रॅलिटीचा मामला या ताडपत्रीपुरता आहे. २ जीबी संपल्यावर सगळेच हळू चालले तर तो प्लॅन. डोक्याला ताप आहे, पण भेदभाव नाही. मजकूर पाहून वेगळा दर लावायला ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ या फुकट नेटच्या योजनेने त्याच महिन्यात भारतातून गाशा गुंडाळला. ‘फुकट मिळतंय तर यांचं काय जातं?’ म्हणून तेव्हा मीही चिडलो होतो. फुकटात मोजक्याच साइट मिळणार होत्या, हे नंतर समजले.

पासवर्डचे दुखणे जुने आहे. महिन्याला बदलायला लावले की माणूस काय करतो, ते मी पाहतो. ‘गाव@१२३’चे ‘गाव@१२४’ होते, पुढच्या महिन्यात ‘गाव@१२५’. एक आकडा कळलेल्या चोराला पुढचा कळायला कितीसा वेळ? अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी २००३ साली पासवर्डमध्ये चिन्ह-आकडा-कॅपिटल हवे आणि तो मुदतीने बदलावा, असे नियम लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल पस्तावा व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही सांगितले, की ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको. फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला.

मग काय करायचे? लांबी वाढवा. कशीही निवडलेली १२ साधी छोटी इंग्रजी अक्षरे घेतली, तरी चिन्हे-आकडे घालून केलेल्या ८ अक्षरी पासवर्डपेक्षा सुमारे १५ पट जास्त जोड्या होतात. पोरांना मी सांगतो, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, त्यात एखादा घरचा अहिराणी असू द्या. ‘खापर टायर बिबडी चष्मा’ चालले असते, पण छापून आले म्हणजे आता बाद.

आणि एकच पासवर्ड दहा ठिकाणी नको. २००९ साली ‘रॉकयू’ कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, तेही उघड्या अक्षरांत साठवलेले. अशी यादी हाती आली की चोर तीच नाव-पासवर्डची जोडी मेलवर, बँकेत, सगळीकडे लावून बघतो. नीट चालणारी साइट पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा उलट न फिरवता येणारा सांकेतिक ठसा ठेवते. म्हणून ‘विसरलो’ म्हटल्यावर ती नवा करायला लावते. मला एका ठिकाणाहून माझा जुनाच पासवर्ड मेलवर परत आला होता. त्या दिवशी ते खाते बंद केले.

कागदावर लिहिणे पाप, ही आणखी एक समजूत. घरच्या कपाटातल्या चिठ्ठीपर्यंत परदेशातला चोर पोहोचत नाही. धोका होता तो माझ्या काउंटरवरच्या वहीत. दोनेकशे जणांची नावे, मोबाइल आणि पासवर्ड, कुणीही चाळावी अशी उघडी. गेल्या होळीला ती वही मी जाळली. तेव्हापासून दर फॉर्मला आधी नवा पासवर्ड, मग ओटीपी, मग ‘आबा, मोबाइल कुठंय?’, आणि मोबाइल घरी चार्जिंगला. मागे रांग ओरडते. परवा एक आबा माझ्यावरच उखडले, ‘मना पासवर्ड तुलेच मालूम शे ना, भाऊ!’

आपला,
एक केंद्रचालक, ता. अमळनेर, जि. जळगाव