‘डेंजर क्लोज’ म्हणजे धोका संपला नव्हे

प्रति,
संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत कारगिल युद्धातील तोफखान्याच्या कामगिरीवर प्रसिद्ध झालेला दीर्घ लेख मी दोनदा वाचला. मराठीत या विषयावर इतक्या विस्ताराने क्वचितच लिहिले जाते आणि लेखकाने घेतलेली मेहनत जागोजागी जाणवते, म्हणून आधी त्यांचे आभार मानतो. परंतु वायरलेसवरील संभाषणाचे जे मराठी रूपांतर लेखात दिले आहे, त्यात तीन ठिकाणी अर्थ चुकला आहे आणि एका ठिकाणी तर तो अगदी उलटा झाला आहे. ‘ड्रॉप २००’ याचे भाषांतर ‘दोनशे गोळे टाका’ असे केले आहे, ‘फायर फॉर इफेक्ट’चे ‘धाक बसवण्यासाठी गोळीबार करा’ असे, आणि ‘डेंजर क्लोज’चे ‘धोका संपला’ असे. मी चोवीस वर्षे तोफखान्यात माऱ्याची आकडेमोड करणारा टेक्निकल असिस्टंट, म्हणजे फौजेच्या बोलीत ‘टीए’, म्हणून नोकरी केली. कारगिलच्या वेळी माझी रेजिमेंट दुसऱ्या भागात होती, त्यामुळे त्या लढाईचा साक्षीदार म्हणून मी हे लिहीत नाही. या शब्दांशी रोज गाठ पडलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

मैदानी तोफ चालवणाऱ्या जवानाला आपले लक्ष्य बहुतेक वेळा दिसतच नाही. तोफा डोंगराच्या आडोशाला उभ्या असतात आणि लक्ष्य पाहणारा अधिकारी पायदळाच्या कंपनीबरोबर कित्येक किलोमीटर पुढे, एखाद्या कड्याला बिलगून बसलेला असतो. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात ही पद्धत ठळकपणे जगापुढे आली आणि पहिल्या महायुद्धात ती नित्याची झाली. पुढे बसलेल्या त्या अधिकाऱ्याला आपल्याकडे ओपी ऑफिसर म्हणतात, कारण त्याची जागा ही ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे निरीक्षणाची चौकी असते. आणि मागे तोफांजवळ त्याचे बोलणे आकड्यांत उतरवून घेणारा तो गन पोझिशन ऑफिसर, म्हणजे जीपीओ. (टपाल कार्यालय आठवून कोणी हसू नये, आम्ही भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते हसून घेतले होते.) या दोघांमध्ये जी काही देवाणघेवाण होते ती वायरलेसच्या खरखरीतून, धापा टाकत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून आणि आजूबाजूला गोळे फुटत असताना होते. म्हणून या कामाचे शब्द मोजके व ठरीव आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा ऐकू येऊ नये अशा बेताने निवडलेले आहेत. शब्दकोशात त्यांचा जो अर्थ सापडतो तो इथे चालत नाही. त्या शब्दामागोमाग तोफेवर काय घडते, तोच त्याचा अर्थ.

‘ड्रॉप’चेच पाहा. पहिलाच गोळा नेमका लक्ष्यावर पडेल अशी अपेक्षा सहसा कोणी धरत नाही. तो अलीकडे पडला तर ओपी ‘ॲड ४००’ असे सांगतो, म्हणजे पुढचा गोळा चारशे मीटर पलीकडे जाऊ द्या. तो लक्ष्याच्या पलीकडे गेला की ‘ड्रॉप २००’, म्हणजे दोनशे मीटर अलीकडे घ्या. पुन्हा अलीकडे पडला तर ‘ॲड १००’, आणि मग ‘ड्रॉप ५०’. लक्ष्याला दोन गोळ्यांच्या कात्रीत पकडायचे आणि दर खेपेस ती कात्री निम्म्याने मिटवत आणायची, असा हा हिशेब आहे. त्याला ब्रॅकेटिंग म्हणतात. यातली एक खुबी बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. हे मीटर तोफेपासून मोजायचे नसतात, तर ओपीच्या डोळ्यापासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेवर मोजायचे असतात. ओपी तोफांच्या अगदी बाजूला बसलेला असेल, तर त्याचे ‘अलीकडे’ हे तोफेच्या दृष्टीने डावे किंवा उजवे असू शकते. हा फिरवाफिरवीचा हिशेब मागच्या टीएने करायचा, पुढच्याने डोके शिणवायचे नाही, असा दंडक आहे. आणि माझी निम्मी नोकरी तेवढ्यातच गेली. लेखात म्हटल्याप्रमाणे खरोखरच दोनशे गोळे टाकायचे ठरवले असते, तर १५५ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा त्रेचाळीस किलोंच्या आसपास धरून नेम जमण्यापूर्वीच साडेआठ टन माल उडाला असता. कारगिलमध्ये अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेटे डागली गेली हे खरे, पण ती अशी नव्हे.

नेम जमेपर्यंत एक किंवा दोनच तोफा बोलत असतात. तो जमला की ओपी ‘फायर फॉर इफेक्ट’ म्हणतो आणि मग बॅटरीतील, म्हणजे तोफांच्या त्या तुकडीतील, सगळ्या तोफा ठरलेल्या संख्येने गोळे सोडतात. इथला ‘इफेक्ट’ लक्ष्यावर व्हायचा आहे, शत्रूच्या मनावर नव्हे. ‘धाक बसवण्यासाठी’ असे वाचल्यावर वाचकाला हवेत बार काढल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात संहाराला सुरुवात होते ती याच आज्ञेने. ‘नेम जमला, आता पूर्ण मारा’ असे लिहिले असते तरी भागले असते.

‘डेंजर क्लोज’ची चूक मात्र मला झोपू देईना. भाषांतरकाराने ‘क्लोज’ म्हणजे बंद असे धरले असावे. मूळ अर्थ असा की, ज्या ठिकाणी मारा मागितला आहे त्याच्या धोकादायक अंतरात आपलीच माणसे आहेत. अमेरिकी नियमांत तोफा आणि उखळी तोफा यांच्यासाठी हे अंतर लक्ष्यापासून ६०० मीटर धरलेले आहे. हे दोन शब्द ऐकू आले की मागे सगळी चाल बदलते: हिशेब पुन्हा तपासला जातो, आणि ओपी चारशे-चारशे मीटरांच्या उड्या सोडून शंभर किंवा त्याहून कमी मीटरांच्या पावलांनी मारा पलीकडून हळूहळू लक्ष्याकडे ओढत आणतो, म्हणजे चुकलाच तर गोळा शत्रूच्या बाजूला चुकावा. चढाई करणारे पायदळ शत्रूच्या बंकरपासून काही शे मीटरांवर आलेले असताना हे शब्द उच्चारले जातात. त्या प्रसंगाचे वर्णन करताना ‘धोका संपला’ असे छापणे म्हणजे ज्या क्षणी ओपीच्या कपाळावर घाम आला, त्याच क्षणी त्याला निर्धास्त करून टाकणे होय.

लेखकाला मी फार दोष देत नाही, कारण मीही एकदा असाच फसलो आहे. नवा असताना देवळालीच्या रेंजवर सरावात वायरलेसवर मागच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही, म्हणून मी घरी-दारी म्हणावे तसे ‘रिपीट’ म्हणून गेलो. तोफखान्यात ‘रिपीट’ म्हणजे ‘पुन्हा सांगा’ नव्हे. त्याचा अर्थ ‘आताच जसा मारा केला तसाच पुन्हा करा’ असा आहे, आणि न ऐकलेले पुन्हा ऐकायचे असेल तर ‘से अगेन’ म्हणावे लागते. शेजारी उभ्या असलेल्या उस्तादांनी माझ्या हातातून हँडसेट हिसकावला आणि ‘चेक फायरिंग’ असे ओरडून तोफा थांबवल्या. सायंकाळी मैदानाला किती फेऱ्या मारल्या ते आता आठवत नाही, पण पुढे लग्नाच्या मंडपातही मी कोणाला ‘रिपीट’ म्हटलेले नाही. आणखी गंमत अशी की, याच देवळालीने इंग्रजीलाही एक शब्द दिला आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत महिनोन्‌महिने कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे त्यांच्या बोलीत ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, असा अर्थ रूढ झाला.

संक्षेपांच्या बाबतीत भाषांतरकाराने आणखी सावध राहायला हवे. दुसऱ्या महायुद्धातील इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. त्याच मोहिमेवरील एका मराठी अनुवादात मी ‘माइकला लक्ष्य करा’ असे वाक्य वाचले होते. हा माइक कोणी माणूस नव्हता. ब्रिटिश तोफखान्यात ‘माइक टार्गेट’ म्हणजे रेजिमेंटच्या सर्व चोवीस तोफांनी एकदम मारायचे लक्ष्य, आणि ‘अंकल टार्गेट’ म्हणजे साऱ्या डिव्हिजनच्या बहात्तर तोफांचे. माइक आणि अंकल हे त्या काळच्या वायरलेसवरील एम आणि यू या अक्षरांचे उच्चार आहेत, काका-मामांशी त्यांचे नाते नाही. ‘डीएफ एसओएस’मधील एसओएस पाहून जहाज बुडत असल्याची कल्पना करू नये. डीएफ म्हणजे बचावासाठी आधीच हिशेब करून ठेवलेला मारा, आणि त्यातला सर्वांत निकडीचा तो एसओएस. दुसरे काम नसेल तेव्हा तोफा त्याच जागेवर रोखून ठेवलेल्या असतात, म्हणजे रात्री-अपरात्री हाक आली तर आकडेमोडीत वेळ जाऊ नये. आपल्या लेखात ‘५१४० क्रमांकाची चौकी’ असाही उल्लेख आहे. पॉइंट ५१४० हा चौकीचा क्रमांक नसून नकाशावर दाखवलेली त्या शिखराची मीटरमधील उंची आहे. ते शिखर घेतल्यावर कॅप्टन विक्रम बत्रा यांनी वायरलेसवर उच्चारलेले ‘ये दिल मांगे मोर’ हे शब्दही आधी ठरवून घेतलेली, मोहीम फत्ते झाल्याची सांकेतिक खूण होती. तोफखान्याच्या गौरवार्थ २०२२ मध्ये त्याच शिखराला ‘गन हिल’ हे नाव देण्यात आले, याची नोंद लेखात असती तर शोभली असती.

यावर कोणी म्हणेल की, मग सगळ्यांना शुद्ध मराठी प्रतिशब्दच का घडवू नयेत? माझे मत तसे नाही. आपल्याकडचे लढाईचे शब्द आता दुसऱ्याच घरी नांदत आहेत. मोर्चा एकेकाळी खंदकामागे बांधला जाई, आज तो जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो. आघाडी आणि पिछाडी राजकारणाने नेली. बिनीचा शिलेदार जाऊन बिनीचा फलंदाज आला. आणि गोलंदाज म्हटले की पोरांना चेंडू टाकणारा आठवतो. वास्तविक आपल्या तोफखान्याचा वर्धापनदिन २८ सप्टेंबरला असतो तो १८२७ साली याच दिवशी उभ्या राहिलेल्या मुंबई इलाख्यातील गोलंदाज पलटणीच्या एका कंपनीमुळे, आणि तिचा वारसा सांगणारी ५ बॉम्बे माउंटन बॅटरी आजही आहे. तेव्हा आज्ञेचे जे शब्द आहेत ते देवनागरीत जसेच्या तसे ठेवावेत आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात त्यांचे काम सांगावे. आणि जिथे मराठी शब्द अजून जिवंत आहे, तिथे तोच वापरावा. रेंजला ‘पल्ला’ हा उत्तम शब्द आहे. सर्व तोफा एकदम उडाल्या तर ‘सरबत्ती’ आहे. तोफ डागली जाते, तिची फायरिंग होत नाही. आणि तोफेतून गोळा सुटतो, गोळी नव्हे. त्यामुळे ‘तोफांचा गोळीबार’ हे शब्द आपल्या बातम्यांत वाचले की माझ्यासारख्याला दाताखाली खडा आल्यासारखे होते.

कॅलिबर आणि मिल या दोन मापांबद्दलही बातमीदारांना सांगून ठेवावे. ‘५२ कॅलिबर’ म्हणजे नळीची लांबी तिच्या व्यासाच्या बावन्न पट, म्हणजे १५५ मिलिमीटरच्या तोफेत आठ मीटरांच्या थोडी वर. ती तोफ ‘५२ मिलिमीटरची’ होत नाही. पुण्याच्या एआरडीई संस्थेने आराखडा केलेल्या अटॅग्ज तोफेच्या बातम्या यापुढे आपल्याकडे वरचेवर येतील, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहणारच. मिल हे कोनाचे माप असून पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल होतात. एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर, इतका सोपा तो हिशेब आहे, आणि त्याचा मैलांशी काहीही संबंध नाही.

आमच्या भागात सैन्यभरतीची तयारी करणारी मुले अशा लेखांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात. त्यामुळे वर दाखवलेल्या तीन वाक्यांची आणि पॉइंट ५१४० च्या उल्लेखाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, जमल्यास त्याच पानावर छापावी, ही विनंती. ‘डेंजर क्लोज’ची दुरुस्ती कृपया सर्वांत वर घ्यावी.

आपला,
एक निवृत्त टीए,
कोरेगाव, जि. सातारा