आई, बाबा तुझ्यावर ओरडले नव्हते

लंडन, रविवार

ती. बाबा व ती. सौ. आई यांस सा. न. वि. वि.

मायना नीट लिहिलाय, बाबा. लाल पेन खाली ठेवा.

रोज फोन होतो तरी पत्र लिहितेय, कारण त्या दिवशी फोनवर मी काय बोलले ते डोक्यातून जात नाही. बाबा पहाटे दोनपासून पलंगावर बसून आहेत, असं आई सांगत होती आणि मी म्हणाले, "अगं, अंगठाच दुखतोय ना? बर्फ लाव." तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मला लहानपणापासून कळतं. इथे फार्मसीत कुणाच्याही वडिलांना मी गाऊटच्या, म्हणजे बाबांना झालाय त्याच सांध्यांच्या आजाराच्या, गोळ्या दहा-दहा मिनिटं समजावून सांगते, आणि स्वतःच्या वडिलांची अर्ध्या मिनिटात बोळवण केली.

मग रात्री झोप येईना, म्हणून थॉमस सिडनहॅम वाचायला काढला. कॉलेजात हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. सतराव्या शतकातला इथलाच डॉक्टर. तरुणपणी राजाविरुद्ध पार्लमेंटच्या सैन्यात लढला आणि नंतर लंडनमध्ये दवाखाना चालवला. 1683 साली त्याने गाऊटवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला स्वतःला हा आजार होऊन तीसहून जास्त वर्षं झाली होती. त्यामुळे त्यात "रोगी" म्हणून जो आहे, तो बराचसा तोच.

तो लिहितो, माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि दोनच्या सुमाराला अंगठ्याच्या कळेने जागा होतो. क्वचित टाच, क्वचित घोटा. हाड निखळल्यासारखी कळ, आणि त्या जागी कुणी गार पाणी ओतल्यासारखं वाटतं. मग हुडहुडी, थोडा ताप. कळ चढतच जाते, कधी शिरा ताणून फाडल्यासारखी, कधी कुरतडल्यासारखी, कधी आवळल्यासारखी. पाय कसाही ठेवा, चैन नाही. दुसऱ्या दिवशीची पहाट होते तेव्हा कुठे उतार पडतो, जरा घाम येतो, डोळा लागतो. आणि या सगळ्याच्या मध्ये तो लिहितो की पांघरुणाचं वजन सोसत नाही आणि खोलीत कुणी चाललं तर त्याचा हादराही सोसत नाही.

आई, हे परत वाच. तू शेकायची पिशवी घेऊन आलीस आणि बाबा ओरडले, "चालू नकोस!" आजीची गोधडीही भिरकावली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा असं बोलले, हे तू मला तीन वेळा सांगितलंस, तिन्ही वेळा हसत हसत. अगं, ते तुला बोललेच नव्हते. तुझ्या पावलांनी फरशीला जो बारीकसा हादरा बसला, तो त्यांच्या अंगठ्यात पोचला होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरात कुणी बाई अशीच दारात थबकली असेल.

बाबा, तुमच्यासाठीही एक गोष्ट. हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना जास्त मारतो आणि भोळ्यांपेक्षा शहाण्यांना, असं तो म्हणतो. वैद्यकाका ज्याला वातरक्त म्हणतात, त्याला चरकानेही आढ्यवात म्हटलंय, आढ्य म्हणजे श्रीमंत. तुमच्या पेन्शनीत श्रीमंती काही बसत नाही, तेव्हा तुम्ही शहाण्यांत. झालं समाधान?

पण एका बाबतीत सिडनहॅमचं चुकलं आणि तुमचंही तिथेच चुकतंय. शरीर आपली घाण सांध्यांतून बाहेर टाकतंय, तेव्हा त्यात फार ढवळाढवळ नको, असं त्याला वाटे. "येईल तसं जाईल" हे तुमचं वाक्य त्याच जातीचं. त्याला माहीत नव्हतं, तुम्हाला आहे. 1848 मध्ये याच लंडनमध्ये गॅरड नावाच्या डॉक्टरने गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात वाढलेलं युरिक ॲसिड दाखवलं. त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जमतात. अंगठा शरीराच्या टोकाला, तिथे अंग गार, म्हणून बहुतेकदा सुरुवात तिथूनच. कळ गेली तरी खडे आत राहतातच. आणि तो "नॉर्मल" आलेला रिपोर्ट सगळ्यांना दाखवू नका. ऐन दुखण्यात तपासलं तर आकडा कधीकधी नॉर्मल येतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. युरिक ॲसिड कमी करणारी गोळी चालू झाली की तो आकडा 6च्या खाली राहिला पाहिजे.

आता जे सांगायला चार पानं घालवली ते. मी जूनमध्ये येत नाहीये. इथलं काम दोन वर्षांनी वाढवून घेतलंय, सही मागच्या सोमवारीच केली. सांगायला आठ दिवस लावले, त्याबद्दल रागवा. लेकीची शाळेची मोठी परीक्षा मध्येच येते, फ्लॅटचे हप्तेही या दोन वर्षांत संपतील. यांचंही इथे आत्ता कुठे बसतंय. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी प्रत्येक कारण लिहिताना बाबांचा पाय दिसतो. रात्री माझ्या पोटऱ्या दुखायच्या तेव्हा खोबरेल तेल कोमट करून बाबा चोळत बसायचे, आणि मी झोपले असं समजून थांबले की मी "अजून" म्हणायचे. सकाळी सातच्या एस.टी.ने शाळेला जायचं असायचं त्यांना. कधी "पुरे" म्हणाले नाहीत.

दिवाळीला तीन आठवडे येतेय, तिकिटं काढली आहेत. तोवर माझं ऐकायचं. पलंग खालच्या खोलीत आणायचा, जिना बंद. दादाला मी सांगितलंय, शनिवारी तो माणसं घेऊन येईल. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध आहे का, हे डॉक्टरांना विचारा, त्यानेही युरिक ॲसिड वाढतं. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही. आई, तू तुरीची आमटी बंद केलीस म्हणे. चालू कर. डाळीने आणि पालकाने एवढं होत नाही. बंद करायचं ते काळीज-गुर्दा, आणि मामा आले की गच्चीवर जी "एकच बाटली" निघते ती. बिअर यात सगळ्यात वाईट. मला ठाऊक नाही असं समजू नका. पाणी भरपूर प्यायचं, उशाशी तांब्या ठेवायचा.

आणि पुन्हा दुखलंच तर शेकायचं नाही, फडक्यात बर्फ गुंडाळून लावायचा. पायाशी ते बुटकं लाकडी स्टूल आडवं ठेव आणि गोधडी त्याच्यावरून घाल, म्हणजे ऊबही राहील आणि अंगठ्याला कापड लागणार नाही.

आई, पार्सलमध्ये मऊ तळव्याच्या सपाता आहेत, जोड एकच आहे आणि तो तुझा. रात्री उठलीस की त्या घालून चालत जा.

तुमची,
चिमी