निकष बदलले, पण अंदाजांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंपन्यांचे हिशेब आंतरराष्ट्रीय निकषांवर आले म्हणजे ते आपोआप विश्वासार्ह झाले, ही समजूत मला घातक वाटते. भारताने ते निकष जसेच्या तसे न घेता त्यांच्याशी मिळतीजुळती ‘इंड एएस’ (भारतीय लेखा मानके) ही मानके २०१५ मध्ये अधिसूचित केली आणि १ एप्रिल २०१६ पासून ५०० कोटी रुपये वा अधिक नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) कंपन्यांना ती बंधनकारक झाली. त्यांचा लाभ खरा आहे. पूर्वी हिशेबांना जोडलेल्या टिपांमध्ये दडून राहणारी बहुतेक दीर्घ भाडेपट्ट्यांची देणी २०१९ पासून ताळेबंदातच दिसू लागली. मात्र येणे बाकीतील अपेक्षित बुडीत रक्कम आणि बाजारभाव नसलेल्या गुंतवणुकीचे वाजवी मूल्य व्यवस्थापनाच्या अंदाजावर ठरते, आणि अंदाज सोयीचा धरला की नफाही सोयीचा निघतो. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्री (धातूचे ओतकाम) उद्योजक मोठ्या कंपन्यांना उधारीवर माल देतात. त्यांनी तरी त्या कंपन्यांच्या अहवालातील या अंदाजांमागची गृहीतके वाचलीच पाहिजेत. लेखापरीक्षकांनी ही गृहीतके मागील वर्षीच्या प्रत्यक्ष वसुलीशी ताडून पाहावीत आणि तफावत भागधारकांना स्पष्ट शब्दांत सांगावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाणिज्य शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर