पांढऱ्या कागदाची हिरव्याशी गाठ कोण घालणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घातक कचऱ्याच्या परवानग्यांनी लहान कारखानदार पार बेजार झाला आहे, हे कागद कमी करा, अशा आशयाचे एका उद्योजकांचे पत्र आपल्या अंकात वाचले. ते कागद मी सत्तावीस वर्षे भरले. अंधेरी पूर्वेला एका गाळ्यात निकेल-क्रोम प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवायचा, कारखाना आहे, तिथे मी हिशेब बघायची. ज्या कामाला कुणी वाली नसतो ते हिशेबाच्या बाईच्या टेबलावर येते, तसे हेही आले. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, म्हणून आता मोकळेपणाने लिहिते.

कागद फार आहेत, हे पत्रलेखकांचे म्हणणे खरे आहे. आधी कन्सेंट, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, त्याला जोडून घातक कचऱ्याचे अधिकारपत्र. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याचा अर्ज नमुना १ मध्ये. कचऱ्याची नोंदवही नमुना ३. वर्षाचे विवरणपत्र नमुना ४, ते ३० जूनच्या आत. ड्रमवरचे लेबल नमुना ८, ड्रायव्हरने जवळ ठेवायचे कार्ड नमुना ९, गाडीबरोबर जाणारा मॅनिफेस्ट, म्हणजे मालाचे चलन, नमुना १०. अपघात झाला तर नमुना ११. तो कधी भरावा लागला नाही, एवढी देवाची कृपा.

पण ज्याच्यासाठी हे सगळे, तो माल पत्रलेखकांना एकदा जवळून दाखवावासा वाटतो. क्रोमचे वापरलेले पाणी हळदीसारखे पिवळे असते. त्यात औषध घातले की ते हिरवट होते, मग चुना घालायचा, गाळ खाली बसतो, तो फिल्टर प्रेसमधून दाबून काढला की ओल्या चिकणमातीच्या वड्यांसारखा पडतो. वास नाही, वाफ नाही, दिसायला अगदी गरीब. आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा तो तुळशीच्या कुंडीत घालायला निघाला होता. चांगली माती आहे, म्हणाला. सरकारी यादीत या मातीचा नंबर ३५.३ आणि ती आवारात ९० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. ही मुदत आम्हालाही जाचक वाटायची. पण मुदत नसती, तर आमच्याच जिन्याखाली दहा वर्षांचे ड्रम साठले असते, हे मी आमच्या शेठना ओळखत असल्यामुळे सांगू शकते.

आता मॅनिफेस्ट. याच्या सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी आम्ही सरकारदरबारी पाठवायची, पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची, उरलेल्या पाच गाडीबरोबर. गुलाबी विल्हेवाट केंद्राने ठेवायची, नारिंगी गाडीवाल्याला द्यायची, हिरवी केंद्राने सरकारला पाठवायची आणि निळी आमच्याकडे परत. करडी फक्त माल परराज्यात गेला तर. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटायचा. मग लक्षात आले की ज्याने हे बसवले तो माणूस हुशार होता. पांढरी म्हणते माल निघाला, हिरवी म्हणते माल पोचला. दोन्ही एकाच सरकारच्या हातात. एकीचा जोड दुसरीला लागला नाही, तर ड्रम वाटेत कुठेतरी उतरला.

अट एकच, दोन्ही कागद कुणीतरी शेजारी ठेवून बघायला हवेत.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या गाडीचा नंबर लागत नव्हता आणि ९० दिवस भरत आले होते. शेठच्या ओळखीतून एक गाडीवाला आला. निम्म्या भावात नेतो, पेपर सगळे क्लिअर करून देतो मॅडम, म्हणाला. चार ड्रम गेले. एरवी निळी प्रत यायला दोन-तीन आठवडे लागायचे, ही तिसऱ्या दिवशी आली. शिक्का होता, सही होती. पण वजनाच्या रकान्याकडे बघून माझा हात थांबला. आम्ही लिहिले होते ८४० किलो आणि पोच होती तीही ८४० किलोची. इतक्या वर्षांत असे एकदाही झाले नव्हते. गाळातले पाणी वाटेत सुकते, त्यांचा वजनकाटा वेगळा, दहा-वीस किलोचा फरक ठरलेला. मी केंद्राच्या गेटवर फोन लावला. तिथल्या माणसाने रजिस्टर बघून सांगितले, बाई, या नंबरची गाडी आमच्याकडे आलेलीच नाही.

शेठना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, फाइलला लावा.

मी लावले. पुढच्या जूनमध्ये नमुना ४ भरताना ते चार ड्रम ‘विल्हेवाट लावली’ या रकान्यात लिहिले, तेही मीच. त्या गाडीवाल्याला शेठनी पुन्हा कधी बोलावले नाही, पण ड्रम कुठे रिते झाले ते आजही मला माहीत नाही. पांढरी प्रत मी स्वतः पाठवलेली होती. हिरवी केंद्राने पाठवणे शक्यच नव्हते. वर्षभर मी नोटिशीची वाट पाहिली, आणि खरे सांगायचे तर ती यावी असेही वाटत होते. ती आली नाही. दुसरी एक आली, विवरणपत्राच्या दुसऱ्या पानावर सही राहिली होती त्याबद्दल.

त्याच काळात जीएसटी नवीन होता. आमच्या केमिकलवाल्याने बिल चढवायला उशीर केला, तर पोर्टलवर आमचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दिसायचे नाही. पुढे तर नियमच झाला की विकणाऱ्याने दाखवले नाही, तर घेणाऱ्याला क्रेडिट नाही. मग मी त्याला फोन, त्याचा अकाउंटंट मला फोन, शेवटी बिल चढायचे. निकेलच्या पन्नास किलोंचा हिशेब दोन्ही टोकांनी जुळवून घेणारे सरकार तेच, आणि आमचे ८४० किलो ज्याच्या हिशेबात हरवले तेही तेच. जुळवणी जमत नाही असे कुणी म्हणू नये. पैशाच्या बाबतीत ती जमते.

वाटेत उतरलेला माल काय करतो, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनी नदीत रसायनाचा टँकर रिकामा झाला आणि शेकडो लोक श्वास कोंडून रुग्णालयात गेले. ६ जानेवारी २०२२ ला पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले, त्या वायूने सहा कामगार मेले. त्या मालाचा माग महाराष्ट्रातल्या कारखान्यापर्यंत निघाल्याचे तेव्हा छापून आले होते. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा गाळ तसा वायू सोडणारा नव्हता, हे मी स्वतःला समजावत राहिले.

माझी नणंद पनवेल तालुक्यात राहते. तळोजा, महापे इथे सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत, तर तिकडच्या लोकांना वाटते की मुंबई आपली घाण त्यांच्या दारात टाकते. त्यांचे चूक नाही. असे केंद्र उभारायचे तर पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक वेळा जनसुनावणी लागते, तीस दिवस आधी मराठी दैनिकातही नोटीस द्यावी लागते, त्या तपासणीच्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. सारांश मराठीत आणि अहवाल शेकडो पानी इंग्रजी, हा आणखी एक विनोद. नणंदेने मला विचारले होते, वहिनी, रोज किती ड्रम येतात ते आम्हाला कुठे बघायला मिळेल? सत्तावीस वर्षे हेच काम करूनही मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा पत्रलेखकांच्या मागणीवर माझे म्हणणे असे. नमुने कमी करायचे तर जरूर करा. एकच माहिती तीन ठिकाणी लिहावी लागते, ती एकदाच घ्या. ड्रायव्हरला द्यायचे कार्ड मी बघितले ते नेहमी इंग्रजीत. आमच्या जौनपूरच्या ड्रायव्हरने ते कधी वाचले नाही, सीटखाली ठेवले. ते त्याला वाचता येईल असे करा. पण मॅनिफेस्टला हात लावू नका. उलट हिरवी प्रत ठरावीक दिवसांत आली नाही, तर त्या कारखान्याची आणि त्या गाडीवाल्याची पुढची खेप आपोआप अडली पाहिजे, जीएसटीत क्रेडिट अडते तशी. आणि किती पांढऱ्या निघाल्या, किती हिरव्या पोचल्या, एवढे दोन आकडे दर महिन्याला जिल्हावार सगळ्यांना दिसू द्या. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्यातली तुरुंगाची शिक्षा बहुतांशी जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला आहे. त्यावर माझे फारसे मत नाही. आमच्या शेठना त्या दिवशी तुरुंग आठवला असेल असे मला वाटत नाही. कुणी बघणार नाही, एवढेच त्यांना माहीत होते आणि ते बरोबर निघाले.

कृपया माझे नाव छापू नये. कारखाना चालू आहे. माझ्या जागी आलेली मुलगी अजून अधूनमधून फोन करते. परवाही विचारत होती, निळी प्रत लवकर आली तर बरेच ना मॅडम? तिला म्हटले, आधी वजन बघ, मग गेटवर फोन लाव.

आपली,
एक निवृत्त लेखनिक, जोगेश्वरी (पूर्व), मुंबई